डोलणारी इमारत आणि तिला सावरणारे हात

विसर्जनाच्या दिवशी बोरगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली की आमचे लक्ष मूर्तीच्या मुखाकडे कमी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या दोरांकडे जास्त असते. हा धंद्याचा दोष. मूर्ती दहा-अकरा फुटांची, रस्ता खड्ड्यांचा (तो कोणत्या खात्याचा, हे येथे विचारू नये). ट्रॉलीचे चाक खड्ड्यात गेले की मूर्ती डावीकडे कलते आणि त्याच क्षणी उजवीकडचा मुलगा दोर ओढतो. फार ओढला तर मूर्ती त्याच्याच अंगावर यायची, म्हणून तो लगेच सैल सोडतो. मुलगा नवखा असला तर अर्ध्या क्षणाने उशिरा ओढतो, आणि मग मूर्ती थांबायच्या ऐवजी जास्तच डोलू लागते. मागून कोणी म्हातारा ओरडतो, “अरे सोड! सोड म्हंतो ना दोर!”

हे दृश्य ज्याने पाहिले त्याला सक्रिय कंपन-नियंत्रण म्हणजे काय ते निराळे समजावून सांगावे लागत नाही. मुलाच्या डोळ्याच्या जागी सेन्सर, डोक्याच्या जागी संगणक आणि हाताच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारा दांडा किंवा मोटर बसवली की झाले. इमारत वाऱ्याने किंवा भूकंपाने एकीकडे कलली की यंत्र तिला उलट दिशेने ओढते. यालाच सक्रिय म्हणतात, कारण बाहेरून ताकद लावावी लागते. नुसते रबर, स्प्रिंग किंवा लोंबते वजन लावून हलणे कमी केले तर ती निष्क्रिय पद्धत.

पण आम्हांला खरे सांगायचे आहे ते मूर्तिकाराविषयी. आतला लाकडी सांगाडा करताना दोर कुठे बांधणार हे त्याला माहीत असेल, तर तो नेमक्या त्या उंचीवर एक आडवी पट्टी ठेवतो. माहीत नसेल तर पोरे दोर सापडेल तिथे, बहुधा मूर्तीच्या दंडाला बांधतात, आणि नदीपर्यंत पोचता पोचता दंडाला चीर जाते. मूर्ती एकाने केली, दोर दुसऱ्याने बांधले, दोघांचेही काम आपापल्या जागी चोख, आणि तरी हात मोडला. इमारत आणि तिला सावरणारी यंत्रणा एकत्र आखावी की आधी इमारत आखून मग यंत्रणा जोडावी, हा आजच्या स्थापत्यशास्त्रातला मोठा प्रश्न याच जातीचा आहे. त्याचा इतिहास आपल्या मराठी मुलखातूनही गेलेला आहे, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत आहोत आणि शिक्षण स्थापत्याच्या पदविकेचे. मोठ्या गणितावर आमचा अधिकार नाही. तरी या विषयाची पुस्तके आम्ही शोधून शोधून वाचत आलो, त्याला कारण २२ मे १९९७ ची रात्र.

वैशाखी पौर्णिमेचे चांदणे होते. उकाड्यामुळे आम्ही सगळे अंगणात बाजांवर झोपलो होतो. रात्री १ वाजून २२ मिनिटांनी बाज थरथरली. खाली कुत्रे अंग घासत असेल असे वाटले. मग घरात फडताळावरचे पितळी डबे एकमेकांवर वाजू लागले आणि आजीने “नारायण, नारायण” सुरू केले. जबलपूर आमच्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटर. भूकंप ५.८ चा होता, पृथ्वीच्या पोटात पस्तीस-एक किलोमीटर खोल. जबलपूर, मंडला, सिवनी आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा यांत नुकसान झाले, चाळीसच्या आसपास माणसे गेली. तोपर्यंत आमची समजूत होती की आपली जमीन म्हणजे जुना, निबर खडक. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर समूह’ नावाचे मँगनीजवाले अतिप्राचीन खडक आहेत. नाव आपल्याच तहसीलाचे, आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. खडक जुना असला म्हणजे तो हलत नाही असे नसते, हे त्या रात्री कळले.

दुसरी एक गोष्ट त्या रात्री ऐकली, ती समजायला पुढे वीस वर्षे लागली. आमच्या आजोबांचे घर सागाच्या खांबांचे, वर मयाल, आडे आणि कवेलू. धक्का आला तेव्हा ते घर कुरकुरले. बराच वेळ, बैलगाडी चढावर कुरकुरते तसे. मग शांत झाले. चार कवेलू सरकले तेवढेच. लाकडाचे सांधे एकमेकांवर घासले आणि हलण्याची ताकद त्या घासण्यात खर्च झाली. ज्या सुताराने खांब उभे केले त्यानेच सांधे कापले होते. घराचा आधार आणि घराचे कंपन-नियंत्रण ही एकाच हाताने एकाच दिवशी केलेली एकच वस्तू होती. पॉलिटेक्निकमध्ये आम्ही शिकलो ते याच्या उलट. आधी इमारतीचे वजन मोजा, खांब-तुळया ठरवा, मग शेवटी भूकंपासाठी म्हणून एक आडवे बल लावून पाहा.

या ‘मग शेवटी’ची किंमत महाराष्ट्राने कोयनेला पाहिली. कोयना धरण १०३ मीटर उंच. मुळात ही उंची दोन टप्प्यांत गाठायची होती. बांधकाम चालू असतानाच ती एकदम गाठायचे ठरले आणि त्यामुळे धरणाच्या मागच्या बाजूचा उतार वरच्या भागात एकाएकी बदलला. खाली रुंद, एका ठिकाणी मोडल्यासारखा कोन, आणि त्यावर जाड मान. पाण्याच्या आणि वजनाच्या हिशेबात हा आकार बसत होता. भूकंपासाठी त्या काळच्या रीतीप्रमाणे वजनाच्या ५ टक्के इतके आडवे बल धरले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे मेली. धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्राने नोंद केली ती नदीच्या दिशेने गुरुत्वाच्या ४९ टक्के आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ६३ टक्के. धरण फुटले नाही, हे त्या काळच्या कामगारांचे आणि अभियंत्यांचे यशच म्हटले पाहिजे. पण जे उंच भाग चिरले ते नेमके त्या कोनाच्या पातळीवर चिरले, पाण्याच्या बाजूने आणि मागच्याही बाजूने.

पुढे अमेरिकेतल्या अनिल चोप्रा या भारतीय प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने धरण कसे हलले याचा हिशेब मांडला, तेव्हा ताण त्याच पातळीवर साठलेला निघाला. आकार एका कारणाने ठरला होता, थरथर दुसऱ्या कागदावर मोजली होती, आणि ते दोन कागद एकमेकांना भेटलेच नव्हते. नंतर धरणाच्या मागून काँक्रीटचे भक्कम टेकू घालून ती मान जाड केली. ज्यांनी कोयना पाहिले आहे त्यांनी ते टेकू पाहिले असतील. दुरून ते मुळातलेच वाटतात.

किल्लारीचा हिशेब वेगळा, पण मुळाशी तोच. १९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. आमच्या मंडळाने रात्री उशिरा विसर्जन करून मांडवातच अंग टाकले. सकाळी रेडिओवर बातमी आली की पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. तिथेही माणसे आमच्यासारखीच विसर्जन करून दमून झोपली होती. जवळजवळ दहा हजार गेली. मांडव सोडायला आलेली पोरे तशीच डबे घेऊन वर्गणीला फिरली. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि त्या डब्यात पडणाऱ्या नाण्यांचा आवाज अजून लक्षात आहे.

मराठवाड्यातली ती घरे माळवदाची. मातीत बसवलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर उन्हाळा सोसावा म्हणून दरवर्षी थर चढवलेले मातीचे छत. आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण. पडझडीत एक विचित्र गोष्ट पाहणाऱ्यांना दिसली. कित्येक घरांत खणांचा सांगाडा छतासकट उभा होता आणि भिंती तेवढ्या कोसळून माणसांच्या अंगावर आल्या होत्या. सांगाडा हलू शकत होता, भिंत हलू शकत नव्हती, आणि दोघांना एकमेकांशी बांधणारे काही नव्हते. सुतार वेगळा, गवंडी वेगळा. आमच्या आजोबांच्या घरात जे एका हाताने झाले ते तिथे दोन हातांनी झाले होते, इतकाच फरक. पण तो केवढा!

इथपर्यंतचा धडा मजबुतीचा. भिंती बांधा, सांधे पक्के करा, पट्टे घाला. मात्र जगातल्या अभियंत्यांच्या मनात दुसरा विचार फार पूर्वीपासून घोळत होता. इमारत ताकदीने उभी ठेवण्यापेक्षा तिचे हलणेच शांत केले तर? जर्मनीतल्या हर्मन फ्राम यांनी १९०९ साली जहाजांचे डोलणे कमी करण्यासाठी एक युक्ती काढली. मोठ्या वस्तूवर एक लहान वजन अशा रीतीने बसवायचे की त्याचा झुलण्याचा काळ मोठ्या वस्तूच्या काळाइतका असेल. मोठी वस्तू डावीकडे निघाली की लहान वजन मागे राहून तिला उजवीकडे ओढते. झोक्यावरच्या मुलाला वेळ साधून पाठीवर हात मारला तर झोका वाढतो, आणि तोच हात उलट वेळी लावला तर झोका बसतो, तसे.

ही युक्ती उंच इमारतींत आली ती दोन तऱ्हांनी. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरमध्ये इमारत उभी झाल्यावर, तिचे डोलणे लक्षात आल्यावर, वरच्या मजल्यावर तीनशे-तीनशे टनांची दोन वजने बसवावी लागली. ही झाली नंतर दोर बांधण्याची तऱ्हा. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीत मात्र १९७७ साली वजन आराखड्यातच होते. दोन्ही ठिकाणी अभियंता एकच, विल्यम लेमेझरर. या दुसऱ्या इमारतीची गोष्ट आम्ही आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी इतक्यांदा सांगितली आहे की आता शिपाईसुद्धा ती सांगू शकेल.

इमारत ५९ मजल्यांची, २७९ मीटर उंच. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होते म्हणून खांब कोपऱ्यांवर देता आले नाहीत. ते चारी बाजूंच्या मध्यावर दिले आणि सगळी इमारत नऊ मजल्यांइतक्या उंच पायांवर उभी केली. अशा इमारतीला वारा लागणारच. म्हणून डोक्यावर सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा बसवला, तेलाच्या पातळ थरावर सरकणारा. सांगाडा आणि ठोकळा एकत्र आखलेले असल्यामुळे सांगाड्यात पोलाद कमी लागले. हे सगळे चांगलेच होते. पण सांगाड्याचे सांधे आराखड्यात वेल्डिंगचे होते. ठेकेदाराने खर्च वाचवण्यासाठी बोल्ट सुचवले, लेमेझरर यांच्याच कार्यालयाने ते मान्य केले, आणि खुद्द त्यांना ही गोष्ट इमारत पूर्ण झाल्यावर, १९७८ मध्ये कळली. त्यांनी कोपऱ्यावरून तिरपा येणारा वारा धरून पुन्हा हिशेब केला. ठोकळा चालू असेल तर इमारत पाडणारे वादळ ५५ वर्षांतून एकदा येईल असे उत्तर आले. पण ठोकळा तेलावर सरकतो, तेलाला दाब लागतो आणि दाबाला वीज. मोठ्या वादळात पहिली जाते ती वीजच. वीज गेली तर तेच वादळ १६ वर्षांतून एकदा!

त्या वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री, इमारतीतले लोक घरी गेल्यावर, वेल्डर आत शिरून प्रत्येक सांध्यावर पोलादाच्या जाड पट्ट्या जोडत होते. सप्टेंबरात एला नावाचे चक्रीवादळ न्यूयॉर्कच्या रोखाने निघाले आणि समुद्रातच वळले. शहराला हे काही कळले नाही. १९९५ साली एका मासिकात ही हकिकत छापून आली तेव्हा कळले. पुढच्या काही संशोधकांनी तिरप्या वाऱ्याच्या हिशेबाबद्दल वेगळे मत मांडले आहे. तो वाद आमच्या आवाक्याबाहेरचा. आम्हांला यातून जे दिसते ते टेबलांचे प्रकरण आहे. सांगाडा आणि ठोकळा एका टेबलावर आखले, पण सांध्याचा कागद दुसऱ्या टेबलावर मंजूर झाला आणि विजेचा विचार कोणत्याच टेबलावर झाला नाही.

याच सुमारास, १९७२ साली, अमेरिकेत जेम्स याओ यांनी इमारतींच्या नियंत्रणाची कल्पना एका शोधनिबंधात स्पष्ट मांडली होती. इमारतीने नुसते सोसत बसू नये, हालचाल ओळखून तिने स्वतः प्रतिकार करावा. प्रत्यक्षात ते आले टोकियोत, १९८९ साली. क्योबाशी भागात अकरा मजल्यांची, ३३ मीटर उंच आणि समोरून जेमतेम ४ मीटर रुंद अशी एक इमारत काजिमा कंपनीने बांधली. दोन घरांच्या बोळात आगपेटी उभी करावी तशी. ताकुजी कोबोरी यांच्या मार्गदर्शनाखाली तिच्या माथ्यावर दोन वजने बसवली. एक सुमारे ४ टनांचे, आडवे डोलणे आवरायला, आणि दुसरे १ टनाचे, इमारत पीळ घेते तो आवरायला. सेन्सर हालचाल मोजत, संगणक हिशेब करी आणि यंत्र वजन ढकली. सक्रिय नियंत्रण असलेली जगातली ही पहिली पूर्ण आकाराची इमारत मानतात. जपानी लोकांनी एक शहाणपण मात्र ठेवले. जोराचा वारा आणि मध्यम भूकंप यांत माणसांना त्रास होऊ नये एवढेच काम यंत्राकडे दिले. महाभूकंपात इमारत स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हे सांगाड्याकडेच ठेवले.

आता आम्ही मूळ विषयाशी आलो. सुरुवातीला सक्रिय नियंत्रणाची सगळी गणिते अशी होती: इमारत दिलेली आहे, तिच्यासाठी उत्तम यंत्रणा शोधा. १९८० च्या दशकात अवकाशयानांवर काम करणाऱ्यांना ही रीत परवडेना. अवकाशात न्यायच्या लांबलचक हलक्या सांगाड्यांत एकेक किलोला पैसे पडतात, आणि सांगाडा हलका केला की तो थरथरतो. म्हणून त्यांनी सांगाड्याच्या नळ्यांची जाडी आणि यंत्रणेचा जोर ही दोन्ही अज्ञाते एकाच गणितात घातली. उत्तरे वेगळी येऊ लागली. कधी सांगाड्यात थोडे धातू वाढवले की यंत्रणेचा जोर निम्म्यावर येई, कधी उलट. स्थापत्यवाल्यांनी हीच पद्धत पुढे उंच इमारती आणि पुलांसाठी उचलली.

यात बारकावा कुठे आहे तो सांगतो. प्रत्येक इमारतीला डोलण्याच्या अनेक तऱ्हा असतात. एका तऱ्हेत माथा सर्वांत जास्त हलतो. दुसरीत माथा एकीकडे, मधला भाग दुसरीकडे, आणि मध्ये एक मजला असा की तो जवळजवळ स्थिर. त्या स्थिर मजल्यावर कितीही भारी यंत्र बसवा, ती तऱ्हा त्याला ऐकायची नाही. झोक्याच्या वरच्या कडीला धरून झोका थांबवायला जावे तसे. आता खांबांची जाडी बदलली की तो स्थिर मजलाच सरकतो. म्हणजे इमारत आधी पक्की करून यंत्राची जागा मागाहून शोधली, तर चांगली जागा उरलेली असेलच असे नाही. तिथे आधीच पाण्याची टाकी किंवा लिफ्टची खोली येऊन बसलेली असते. शिवाय सेन्सरने मोजल्यापासून यंत्राने ढकलेपर्यंत काही क्षण जातातच. लवचीक इमारतीला तो उशीर एका रीतीने बाधतो, ताठ इमारतीला दुसऱ्या. नवख्या मुलाचा दोर आठवावा. उशिरा आलेली मदत मदत राहत नाही, धक्का होते.

विजेच्या भीतीवर एक मधला मार्गही निघाला आहे. तेलात लोखंडाची बारीक पूड मिसळली आणि भोवती चुंबक लावला की तेल क्षणात घट्ट होते, चुंबक काढला की पुन्हा पातळ. असे तेल भरलेले डॅम्पर २००१ च्या सुमारास टोकियोच्या एका विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीत बसवले गेले. ते इमारतीला ढकलत नाहीत, फक्त कधी किती अडवायचे ते ठरवतात, त्यामुळे बॅटरीवर भागते आणि चुकून उलट धक्का देण्याचा धोकाही नाही. आम्हांला स्वतःला, लोडशेडिंग पाहिलेल्या माणसाच्या नात्याने, ही तऱ्हा सर्वांत जवळची वाटते.

आपल्या देशात सक्रिय नियंत्रणाचे बरेच काम संशोधनात आहे. आयआयटी दिल्लीचे टी. के. दत्ता यांनी २००३ साली त्याचा सविस्तर आढावा घेतला होता. जमिनीवर उभे राहिले ते मुख्यतः निष्क्रिय पद्धतीचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे जिल्हा रुग्णालय पडले. त्याच्या जागी जे नवे बांधले ते न्यूझीलंडच्या तंत्राने, शिसे आणि रबराच्या उशांवर. जमीन हलली तरी इमारत वर सावकाश सरकावी म्हणून. अशी इमारत उशा धरूनच आखावी लागते, कारण तळाशी सरकायला जागा सोडावी लागते आणि पाण्याचे, ऑक्सिजनचे नळसुद्धा वाकणारे घ्यावे लागतात. तिथे प्लंबरलाही पहिल्या बैठकीला बोलवावे लागते!

आणि आपल्या माणसाचे उदाहरण म्हणजे नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा. शिल्पकार राम सुतार, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जन्म १९२५ चा. पुतळा १८२ मीटर, ३१ ऑक्टोबर २०१८ ला खुला झाला. सुतारांनी सरदार चालताना दाखवले. पाय पुढे-मागे, दोन पावलांत अंतर. उंच पुतळा सहसा खाली घोळदार वस्त्रांनी रुंद करतात, म्हणजे वाऱ्याला टिकतो. इथे धोतर नेसलेल्या शेतकरी नेत्याच्या घोट्यांवर सगळा भार. आतून दोन पायांतून काँक्रीटचे दोन मनोरे वर नेले आणि प्रत्येकी २५० टनांची दोन झुलती वजने बसवली. ही यंत्रणा निष्क्रियच आहे, फ्राम यांच्या जहाजाच्या वंशातली. पण शिल्पकाराने पाऊल पुढे टाकायचे ठरवले तेव्हाच त्या वजनांची गरज ठरली होती. एका मराठी कलावंताच्या मनातली मुद्रा आणि अभियंत्याचा डॅम्पर एकाच आराखड्यात बसले, हे आम्हांला फार मोठे वाटते. पुतळ्याच्या उंचीपेक्षा मोठे.

आता घरचे सांगून थांबतो, आणि यात दोष आमचाही आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या पाणीयोजनेत पंपघराचा नकाशा आमच्याकडून गेला. खाली पाण्याचा हौद, वर स्लॅब, स्लॅबवर पंप. पंप कोणता येणार हे आम्ही विचारले नाही. तो दुसऱ्या शाखेचा विषय, त्यांची निविदा वेगळी, आणि ती निघाली आमचे काँक्रीट वाळल्यावर. मोटर आली ती मिनिटाला १४५० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला चोवीसच्या आसपास. आमच्या स्लॅबचा स्वतःचा थरकाप नेमका त्याच्या जवळ. ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात म्हणाला, “सायेब, मोटर लावली का भितीवरची घड्याळ बी नाचते.” आम्ही हसलो. सहा महिन्यांत स्लॅबच्या कडेने चीर गेली, आणि एक दिवस प्लास्टरचा पोपडा त्याच्या खांद्यावर पडला. डोक्यावर पडला नाही, एवढेच. तोपर्यंत त्याने स्वतःच ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून पंपाखाली घातले होते. कंपन-नियंत्रण हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. तपासणी झाली, दोन्ही शाखांनी आपले काम नियमाप्रमाणे असल्याचे लिहून दिले, आणि दोघांचेही लिहिणे खरे होते. नकाशावर सही आमची होती.

इकडे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात यंत्राचा पाया घालणारे मिस्त्री पाहावेत. बोल्टांचा नकाशा आणि यंत्राचे वजन हातात आल्याशिवाय ते काँक्रीटची एक पाटी ओतत नाहीत. मालक कितीही घाई करो. शाळा न शिकलेला मिस्त्री हे करतो आणि आम्ही पदविका घेऊन ते केले नाही.

त्या पंपघरात नंतर पंपासाठी खालून वेगळा ठोकळा उठवला, स्लॅबपासून दोन इंच सुटा. आता घड्याळ नाचत नाही. या वर्षी शेजारच्या गावच्या योजनेचा नकाशा पुन्हा आमच्याकडे आला. आम्ही त्याला हात लावण्याआधी पंपाचे वजन, फेरे आणि पायाचा तक्ता मागणारे पत्र दिले. पत्र परत आले, ‘पंप हा या शाखेचा विषय नाही’ असा शेरा घेऊन. पोळ्याच्या आठवड्यात आम्ही दुसरे पत्र दिले आणि सोबत चिरलेल्या स्लॅबचा फोटो जोडला. नकाशा अजून आमच्या टेबलावर आहे, पंपाच्या जागी पेन्सिलने काढलेला रिकामा चौकोन ठेवून.